नोतोला दोन तास पुरतील का?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून आई-बाबा मुलीकडे म्युनिकला येणार आहेत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिघं मिळून पाच-सहा दिवस सिसिलीला जातील, मुक्काम सिराकुझात. एकाच दिवसात नोतो, मोदिका आणि रागुझा ही बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातली नक्षीदार वास्तुशैली) गावं उरकता येतील का? नोतोला दोन तास पुरतात असं बऱ्याच ठिकाणी वाचलंय. बाबांचे गुडघे दुखतात आणि आई पक्की शाकाहारी आहे.

उत्तर:

एका दिवसात तिन्ही गावं होतात. गाडी असली तर आरामात होतात, सहल कंपन्या रोज तेच करतात. पण तुम्ही मला विचारताय म्हणून स्पष्ट सांगतो, तसं करू नका. सिराकुझातली एक रात्र कमी करून ती नोतोला द्या आणि जोडीला फक्त रागुझा इब्ला, म्हणजे रागुझाचा जुना भाग, ठेवा. मोदिका राहिली तर राहू द्या. मी बरीच वर्षं मराठी मंडळींचे छोटे गट घेऊन या भागात फिरतोय आणि हा आग्रह मी प्रत्येक गटाला करतो. त्यामागचं कारण ३३० वर्षांपूर्वीच्या एका भूकंपात आहे.

९ जानेवारी १६९३ ला आग्नेय सिसिलीला एक धक्का बसून गेला होता. लोक सावरतायत तोवर ११ तारखेला दुपारी मोठा भूकंप झाला. साठ हजारांच्या आसपास माणसं गेली असा अंदाज आहे. कातानिया, मोदिका, रागुझा, शिक्ली अशी किती तरी गावं कोसळली. नोतो त्या वेळी आजच्या जागी नव्हतं. ते अल्वेरिया नावाच्या डोंगरावर होतं, भोवती खोल दऱ्या. जागा इतकी बळकट, की नॉर्मनांनी अरबांकडून सिसिली घेतली तेव्हा सगळ्यात शेवटी, १०९१ साली हाती आलं ते नोतो. हे डोंगरावरचं गाव भूकंपात जमीनदोस्त झालं.

सिसिली तेव्हा स्पेनच्या राजवटीत होती. व्हाइसरॉयने पुनर्बांधणीचं काम जुझेप्पे लान्झा या कामास्त्राच्या ड्यूककडे सोपवलं. जुन्या जागी परत उभं राहायचं नाही, सुमारे ८ किलोमीटर आग्नेयेला, समुद्राच्या बाजूच्या उतारावर नवं गाव वसवायचं, असा निर्णय झाला. तो सगळ्यांना मान्य नव्हता आणि त्यावरची भांडणं पुढे काही वर्षं चालली. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी-सास्तूर पट्ट्यात गावं हलवताना काय काय झालं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या भांडणांचं नवल वाटणार नाही. शेतं लांब पडतात, देऊळ मागे राहतं, शेजार तुटतो.

शेवटी गाव हललं. उतारावर सरळ रेषांचे रस्ते आखले गेले. खालच्या भागात चर्च, मठ आणि सरदारांचे वाडे, वरच्या सपाटीवर, ज्याला पियानात्सो म्हणतात, सामान्य लोकांची वस्ती. मग जवळपास शंभर वर्षं बांधकाम चाललं. रोझारियो गाल्यार्दी, विन्चेन्झो सिनात्रा, पाओलो लाबीसी हे इथले मुख्य वास्तुकार. युरोपात इतरत्र बरोक इमारती जुन्या अरुंद गल्ल्यांमध्ये जागा शोधत उभ्या राहिलेल्या दिसतात. इथे मात्र आख्खं गावच नव्याने आखायला मिळालं. कुठल्या चर्चपुढे किती मोकळी जागा सोडायची, जिना किती रुंद करायचा, खालून वर येणाऱ्याला आधी काय दिसलं पाहिजे, हे सगळं ठरवून केलेलं आहे. एकेक इमारत बघत सुटलात तर हे लक्षात येत नाही. पोर्ता रेआले या कमानीतून शिरून कॉर्सो व्हित्तोरिओ इमानुएले या मुख्य रस्त्याने सान दोमेनिको चर्चपर्यंत चालायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्यात फोटो आणि कॉफी धरली की झाले दोन तास. दोन तासांचा हिशेब तिथूनच आलाय.

नोतो एका रात्रीच्या मुक्कामाने का बदलतं, तर उजेडामुळे. सगळं गाव इथल्याच चुनखडीच्या दगडात आहे. दगड मऊ, फिकट पिवळा, कोरायला सोपा. मुख्य रस्ता पूर्व-पश्चिम जातो आणि कॅथेड्रलचं तोंड दक्षिणेला आहे, म्हणजे दिवसभर कुठून ना कुठून ऊन दर्शनी भागावर असतंच. भर दुपारी मात्र ते सपाट होऊन जातं, डोळे दिपतात, कोरीवकाम दिसतच नाही. बसने येणारे गट नेमके अकरा ते तीन इथे असतात. तुमच्या दिवसांत सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. साडेचारपासून उजेड पश्चिमेकडून तिरपा येऊ लागला, की खांबांच्या, कंगोऱ्यांच्या सावल्या लांबतात, दगड मधाच्या रंगाचा होतो आणि आधी सपाट वाटलेली भिंत खोल दिसायला लागते. त्या वेळी कॅथेड्रलच्या जिन्यावर बसा. समोर पालात्सो दुचेत्सियो, म्हणजे आजची नगरपालिका, सिनात्राचं काम, भोवती कमानींची ओसरी. तिचा वरचा मजला विसाव्या शतकात चढवलेला आहे. गच्चीवर तिकीट काढून जाता येत असेल तर जरूर जा, कॅथेड्रल समोरासमोर दिसतं. सकाळी आठला पुन्हा इथेच या. चौक जवळजवळ रिकामा असतो.

आता दोन गोष्टी अगदी जवळून बघा.

पहिली, निकोलाची वाड्याच्या बाल्कन्या. मुख्य रस्त्यावरून मोंतेवेर्जिने चर्चकडे चढणारी जी गल्ली आहे तिथे हा वाडा आहे. बाल्कनी पेलणाऱ्या दगडी टेकूंवर सिंह, पंखांचे घोडे, जलपऱ्या, दाढीवाले म्हातारे, गुबगुबीत बाळं कोरलेली आहेत. एकाच बाल्कनीखाली थांबून सगळे चेहरे एकेक करून बघा. कुणाचं तोंड वासलेलं, कुणाच्या भुवया चढलेल्या, कुणाचं नाक पावसाने झिजून गेलेलं. मग त्यांच्यावरचे लोखंडी कठडे पाहा, मध्यभागी पोट पुढे काढल्यासारखे फुगलेले. बायकांच्या घेरदार झग्यांना जागा मिळावी म्हणून तसे केले असं इथले लोक सांगतात. ऊन डोक्यावर असताना बाल्कनीची सावली या चेहऱ्यांवर पडते आणि काही दिसत नाही, म्हणून सकाळी जा. मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी याच गल्लीत फुलांच्या पाकळ्यांच्या प्रचंड रांगोळ्या घालतात. १९८० पासूनची प्रथा आहे. सुंदर असते, पण त्या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसते आणि राहण्याचे दर चढतात. पहिल्यांदा येणाऱ्याने तो आठवडा टाळावा असंच मी म्हणेन.

दुसरी, सांता कियाराच्या चर्चचा मुख्य रस्त्यावरचा दरवाजा. तो जमिनीपासून वर, भिंतीत अधांतरी दिसतो. एकोणिसाव्या शतकात रस्त्याची पातळी खाली घेतली, तेव्हा हा दरवाजा वर राहून गेला. आत जाण्याची वाट आता बाजूने आहे. हे चर्च गाल्यार्दीचं. आतला गाभारा लंबगोल आहे आणि भोवतीच्या खांबांवर प्रेषितांचे पुतळे आहेत. नोतोतलं एकच चर्च आतून बघायला वेळ असेल तर मी कॅथेड्रलऐवजी हे सांगेन. आकाराने लहान आहे, पण गाल्यार्दीचा हात आतल्या जागेत कसा चालायचा ते इथे कळतं. बाहेरून त्याचा हात पाहायचा तर सान दोमेनिको, ज्याचा दर्शनी भाग मधोमध पुढे फुगत आलाय.

तरी कॅथेड्रलच्या आत एकदा जाऊन याच, कारण त्याची कथा अलीकडची आहे. १३ मार्च १९९६ च्या रात्री त्याचा घुमट आणि मधल्या भागाचं छत कोसळलं. आत कुणी नव्हतं म्हणून जीवितहानी झाली नाही. तपासात दिसलं ते असं: उजवीकडचे खांब बाहेरून घडीव दगडाचे वाटत, पण पोटात नदीचे गोल गोटे आणि कमजोर चुना भरलेला होता. मधल्या काळात छतावर काँक्रीटचं जड काम झालं होतं. त्यात डिसेंबर १९९० च्या भूकंपाने तडे गेले. गोटे भाराखाली बाहेर ढकलत राहिले आणि एका रात्री खांबांनी दम सोडला. पुन्हा बांधताना जुन्या पद्धतीचंच दगडकाम केलं आणि जून २००७ मध्ये कॅथेड्रल उघडलं. आतली चित्रं नवीन आहेत. पूर्वी आतून रंगवलेलं जुनं चर्च पाहिलेल्यांना ती फार ताजी वाटतात, मला ती आवडतात. घुमटाखाली उभं राहून खांबांकडे बघा. हे काम आपल्या हयातीतलं आहे.

सहसा कुणी जात नाही अशी एक जागा वरच्या वस्तीत आहे, सांतिस्सिमो क्रोचिफिस्सो चर्च. दारावरचे झिजलेले सिंह आणि आतली शिल्पकार फ्रान्चेस्को लाउरानाची १४७१ ची मारियाची संगमरवरी मूर्ती, ही दोन्ही जुन्या नोतोतून आणलेली आहेत. चढ बराच आहे. बाबांना टॅक्सीने वर न्या आणि उतरताना हळूहळू चालत या.

यावरूनच जुन्या गावाकडे वळतो. नोतो आन्तिका. गाडीने अर्ध्या तासाच्या आत पोचता. वाटेत दरीत सान कोर्रादोचं आश्रमस्थान लागतं. हा चौदाव्या शतकातला पियाचेन्झाहून आलेला संन्यासी, नोतोचा रक्षणकर्ता संत. १९ फेब्रुवारीला त्याचा उत्सव असतो, तेव्हा चांदीच्या पेटीतून त्याची मिरवणूक निघते. डोंगरावर पोचलात की पोर्ता देल्ला मोंतान्या ही वेस, किल्ल्याचा गोल बुरूज आणि तटाचे अवशेष दिसतात. किल्ल्याच्या कोठडीत कैद्यांनी भिंतीवर कोरलेल्या आकृत्या आहेत. त्यापुढे झुडपांतून जाणारी पायवाट आणि दोन्हीकडे दगडांचे ढीग. हे ढीग म्हणजे रस्ते, घरं, चर्च होती. दुकान नाही, सावली थोडी, पाणी सोबत घ्या. वेशीपर्यंत आणि किल्ल्यापर्यंत गुडघेदुखीवालाही जाऊ शकतो, पुढची वाट दगडगोट्यांची आहे. माझा नेम असा, की शक्य असेल तेव्हा गटाला आधी इथे आणायचं आणि मग खाली नव्या नोतोला. या ढिगांतून फिरून आल्यावर कॉर्सोवरचा सरळ रस्ता आणि रुंद जिने माणूस वेगळ्या नजरेने बघतो.

रागुझा इब्लाही याच हिशेबाने सांगितलं. तोच भूकंप, पण तिथे लोक फुटले. एका गटाने वरच्या पठारावर नवं, सरळ रस्त्यांचं रागुझा बांधलं. दुसऱ्या गटाने जुनी जागा सोडायला नकार दिला आणि वाकड्यातिकड्या जुन्या गल्ल्यांवरच पुन्हा घरं उभी केली, ते इब्ला. दोन गावं कायद्याने १९२६ मध्ये एक झाली. इब्लाचं सान जोर्जो चर्चही गाल्यार्दीचंच. उंच जिन्यावर, चौकाच्या रेषेत न बसता किंचित तिरपं. नोतोत त्याला मोकळी जागा मिळाली होती, इथे मिळेल त्या कोनात चर्च बसवावं लागलं, आणि मला तर हेच त्याचं सर्वात देखणं काम वाटतं. नोतोहून तासाभराचा रस्ता आहे. वरच्या रागुझाकडून येताना सांता मारिया देल्ले स्काले चर्चजवळ गाडी थांबवा. सगळं इब्ला समोरच्या टेकडीवर दिसतं. तिथून खाली जिने आहेत, ते तुम्ही उतरा, बाबांसाठी स्थानिक बस किंवा टॅक्सी बघा.

मोदिका वाईट मुळीच नाही. युनेस्कोने २००२ मध्ये या भागातली जी आठ गावं यादीत घेतली त्यांत नोतो आणि रागुझाबरोबर मोदिकाही आहे, शिक्लीही आहे. पण मोदिका म्हणजे जिनेच जिने. चॉकलेट मात्र तिथलं घ्या, ते नोतोतही मिळतं. कोको फार तापवत नाहीत, त्यामुळे साखर विरघळत नाही आणि दाताखाली कचकचते.

जेवणाचं बोलू. आईंचे हाल होणार नाहीत, फक्त काही ठिकाणी डोळे उघडे ठेवा. वांगी, टोमॅटो आणि खारवलेला रिकोटा घातलेला पास्ता आल्ला नोर्मा सगळीकडे मिळतो. कापोनाता ही वांग्याची आंबटगोड भाजी गारच वाढतात. रागुझाकडची स्काच्चा म्हणजे पातळ पोळीच्या घड्यांत टोमॅटो-चीज किंवा कांदा-रिकोटा घालून भाजलेली. प्रवासात डब्याला उत्तम. माक्को हे वाटलेल्या बाकला शेंगांच्या दाण्यांचं दाट सूप, थंडी पडली की मिळतं. सावध कुठे राहायचं, तर भाताच्या तळलेल्या गोळ्यांत, म्हणजे आरांचिनीत. ‘बुर्रो’ म्हटलं की लोणी-चीज वाटतं, पण त्यात बहुतेकदा हॅम असतं. विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि मोदिकाची ‘म्पानातिज्जी’ नावाची करंजीच्या आकाराची बिस्किटं आईंच्या हाती अजिबात पडू देऊ नका. चॉकलेटबरोबर त्यात गोमांसाचा खिमा असतो आणि चवीवरून ते ओळखू येत नाही. चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध घट्ट करायला वासराच्या पोटातून काढलेला पदार्थ) चालत नसेल तर पर्याय कमी होतात, तेव्हा चीज नसलेला पास्ता मागा.

न्याहारीला ग्रानिता, म्हणजे किसलेल्या बर्फासारखा गार पदार्थ, घ्या. बदामाचा. नोतो आणि शेजारचं आवोला बदामासाठी नावाजलेलं आहे. बदाम, पाणी, साखर एवढंच, दूध नाही. सोबत ब्रियोश हा मऊ पाव मिळतो, त्यात अंडं असतं. अंडं चालत नसेल तर नुसता ग्रानिता आणि वर साधा पाव. कॉर्सोवर कॅथेड्रलजवळ काफ्फे सिचिलिया आहे, खूप प्रसिद्ध आणि रांगही असते. साडेआठच्या आत गेलात तर बसायला मिळतं. रेस्टॉरंटच्या बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून दरमाणशी थोडे पैसे लावतात, ती फसवणूक नाही, रीत आहे.

बाबांच्या गुडघ्यांसाठी: मुख्य रस्ता जवळजवळ सपाट आहे, पण त्याच्या उत्तरेला सगळा चढ आणि दक्षिणेला उतार. खोली बुक करताना रस्त्यावरून किती पायऱ्या चढायच्या, कितवा मजला, लिफ्ट आहे का, हे तिन्ही लिहून विचारा. ‘ऐतिहासिक केंद्रात’ एवढ्यावर भागत नाही, कारण जुन्या वाड्यांत लिफ्ट क्वचितच असते. फरशी वर्षानुवर्षांच्या चालण्याने गुळगुळीत झालेली आहे आणि ऑक्टोबरात अचानक जोराची सर येते. रबरी तळव्याचे बूट हवेतच. सान कार्लो चर्चच्या मनोऱ्यावरून सुंदर देखावा दिसतो, पण जिना अरुंद आणि उभा आहे, तो फक्त तुम्ही चढा. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. दुपारी एक ते चार बरीच दारं बंद असतात, तो वेळ जेवण आणि झोपेचा. महिना तुम्ही चांगला निवडलाय. जुलै-ऑगस्ट मी कुणाला सुचवत नाही. ११ ऑगस्ट २०२१ ला सिराकुझाजवळ ४८.८ अंश तापमान नोंदलं गेलं, तो युरोपचा विक्रम आहे.

प्रवासाचं असं. सिराकुझाहून नोतोला आगगाडी अर्ध्या-पाऊण तासात येते, पण स्टेशन गावाच्या खाली आहे आणि सामान घेऊन तो चढ आई-बाबांना जमणार नाही. रविवारी-सणाला गाड्या फार कमी असतात. बस गावाच्या जवळ, पोर्ता रेआलेच्या बाजूला सोडते, म्हणून तिघांसाठी बसच बरी. जुनं नोतो आणि इब्ला धरलं तर दोन दिवस भाड्याची गाडी घ्या. तुमचं लायसन्स जर्मन असेल तर अडचण नाही, भारतीय असेल तर आधी त्याची वैधता तपासा आणि आंतरराष्ट्रीय परवाना जवळ ठेवा. गावांच्या मधल्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेले पट्टे असतात. त्यांची ओळख ‘झेड टी एल’ या पाटीने होते. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड महिन्यांनी घरी येतो. गाडी कमानीच्या बाहेरच ठेवा, आणि हॉटेल आत असेल तर त्यांना गाडीचा नंबर आधीच कळवा.

आई-बाबांचा शेंगेन व्हिसा जर्मनीत जास्त दिवस असल्यामुळे जर्मनीकडूनच काढायचा. त्यावर इटलीत फिरता येतं. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तो सिसिलीचे दिवस धरून काढा. म्युनिकहून कातानियाला थेट विमानं आहेत. एत्ना ज्वालामुखी राख ओकायला लागला की कातानियाचा विमानतळ काही तास बंद पडतो, म्हणून आई-बाबांचं भारतात परतीचं विमान सिसिलीहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ठेवू नका.

तर क्रम असा लावा. पहिले दोन-तीन दिवस सिराकुझा. तिथल्या कॅथेड्रलच्या भिंतीत अथेनाच्या ग्रीक देवळाचे खांब जसेच्या तसे आहेत, ते चुकवू नका. मग गाडी घेऊन सकाळी सरळ नोतो आन्तिका, दुपारी जेवण आणि आराम, चारनंतर नोतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रानिता, निकोलाचीची गल्ली आणि सांता कियारा, मग दहा-साडेदहाला इब्लाकडे निघा. संध्याकाळी तिथेच राहिलात तर उत्तम. हातात अर्धा दिवस उरला तर व्हेंदिकारीला जा. समुद्रकाठचं राखीव पाणथळ आहे, जुन्या टूना मासेमारीच्या कारखान्याचे खांब उभे आहेत आणि ऑक्टोबरात फ्लेमिंगो असण्याची शक्यता चांगली. वाट सपाट आहे, बाबाही चालू शकतील.